पट्टीखालचं बटण

हॉस्पिटलच्या तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीला लागून एक दार होतं. दारावर लाल दिवा, आणि दिव्याखाली पुठ्ठ्यावर जाड अक्षरांत लिहिलेलं: ‘दिवा लागलेला असताना दार उघडाल तर शिव्या खाल.’ आणि लोक खरंच खायचे. आतला माणूस बावीस वर्षं त्या काळोखात बसत होता. दार उघडून उजेड आत घुसला की असा काही खेकसायचा की बाहेरच्याच्या हातातली फाइल खाली पडावी. त्याला सगळे दिवाभीत म्हणायचे. तोंडावर नाही हो, कुणाची हिंमत! पण ते नाव त्याच्या कानावर कधीच पोचलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडलंही होतं. एकदा साफसफाईला आलेल्या नव्या बाईंनी ‘साहेब’ म्हटलं, तर हाच म्हणाला, ‘‘साहेब वरच्या मजल्यावर. इथे दिवाभीत बसतो.’’

माणूस मूळचा फोटो स्टुडिओतला. विशीत असताना फिल्म धुवायचा. लोकांची लग्नं, पोरांचे वाढदिवस, पासपोर्टसाठी काढलेले पडेल चेहरे, सगळं त्यानं लाल उजेडात पाण्यातून हळूहळू वर येताना पाहिलेलं. मग फिल्म गेली, स्टुडिओला टाळं लागलं. त्याच सुमारास हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत एक भलंमोठं मशीन आलं. प्रयोगशाळेच्या मुख्य डॉक्टरांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांना अंधारात तासन्‌तास न कंटाळता बसेल असा माणूस हवा होता. चांगले शिकलेले दोघे आले आणि महिन्याभरात पळाले. हा आला तो चिकटलाच.

मशीन म्हणजे सूक्ष्मदर्शकच, पण साधासुधा नव्हे. शरीरातली पेशी घ्यायची, तिच्यातली जी वस्तू बघायची तिला चमकणारा रंग चिकटवायचा आणि लेसरचा उजेड तिच्यावर पट्ट्यापट्ट्यांनी पाडायचा. पट्ट्या जरा सरकवायच्या, जरा फिरवायच्या, एकाच जागेचे पंधरा फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरला ते एकत्र करायला सांगायचं. साध्या सूक्ष्मदर्शकात जिथे एक जाडी रेघ दिसते तिथे ह्यात दोन बारीक रेघा सुट्या दिसायच्या. बघायच्या आधी भिंगावर तेलाचा थेंब सोडून त्यावर काच टेकवायची असते. ‘‘लोक डोळ्यांत तेल घालून बघतात, मी भिंगाला घालून बघतो,’’ हा ह्याचा ठरलेला विनोद. दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना तोच ऐकवायचा, आणि कुणी हसलं नाही की चिडायचा.

शिस्तीला मात्र भलता कडक. काचेवर नाव नाही, फक्त नंबर. आधी निरोगी माणसाचा नमुना बघायचा. लेसर किती, कॅमेरा किती वेळ उघडा, पडद्यावर उजळपणा किती, हे सगळं त्याच्यावर ठरवायचं आणि मग त्याच मापानं आजारी माणसाचा नमुना बघायचा. माप बदलायचं नाही म्हणजे नाही. आणि ऑटो नावाच्या बटणाला तर हात लावायचाच नाही. फोटोत जे काही असेल ते ताणून झगझगीत करून दाखवणं हे त्या बटणाचं काम. काही असेल तर ठीक. पण काहीच नसेल तर ते बटण त्या ‘काही नाही’लाही ताणतं, आणि रिकामा फोटो भरल्यासारखा दिसायला लागतो. एका विद्यार्थ्यानं ह्याच बटणापायी सहा महिन्यांचं काम पाण्यात घातलं होतं. त्या दिवशी दिवाभीतानं पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, बरोबर त्या बटणावर, काळ्या चिकटपट्टीचा तुकडा डकवला. ‘‘ही पट्टी काढेल त्याचे हात तोडीन,’’ असं सगळ्यांना बजावलं. पट्टी नऊ वर्षं जागची हलली नव्हती.

तर असा हा माणूस. लग्न केलं नाही. स्वतःचं म्हणावं असं एकच घर, दोन गल्ल्या पलीकडचं, धाकट्या बहिणीचं. ती चौदा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, त्यामुळे तिची वेणी घालण्यापासून तिच्या लग्नात रडण्यापर्यंत सगळं ह्यानंच केलेलं. रोज संध्याकाळी तो जेवायला तिच्याकडेच असायचा, आणि जेवणाआधी भाचीशी भांडण ठरलेलं. भाची आठ वर्षांची. घरात तिला पिपाणी म्हणत, कारण श्वास घेताना तिचं नाक वाजायचं. पोरगी भारी वटवटी. नाक वाजतंय, छाती घरघरतेय, पण बोलणं बंद म्हणून नाही.

जन्मल्यापासूनच तिचं नाक चोंदलेलं. ओला खोकला बारा महिने. कान वाहायचे. तीनदा न्यूमोनिया होऊन गेला. बहिणीनं डॉक्टरांचे उंबरे झिजवले आणि लोकांचं ऐकून ऐकून ती विटली. कुणी म्हणे गार पाणी देत असशील, कुणी म्हणे फार जपतेस म्हणून अशी झालीय. सासूबाई तर दर दोन दिवसांनी उसासा टाकून म्हणायच्या, ‘‘आमच्याकडे बाई असं कुणालाच नव्हतं.’’ बहीण ओठ घट्ट मिटून भांडी आपटायची.

सकाळी वीस मिनिटं आणि संध्याकाळी वीस मिनिटं धपके. पिपाणीला उशीवर पालथं झोपवायचं, डोकं खाली, आणि तळहाताची वाटी करून पाठीवर थोपटत राहायचं. त्यानं छातीतला कफ सुटतो. मैत्रिणीकडे राहायला जाणं नाही, शाळेची सहल नाही, कारण तिथे धपके कोण देणार? पिपाणी धपके मोजायची आणि मोजताना बेधडक फसवायची. ‘‘अठ्ठावीस, एकोणतीस, चाळीस!’’ मामा समोर असला की लगेच पकडायचा. ‘‘ए लबाड! एकोणतीसनंतर काय येतं? परत म्हण!’’ मग ती तोंड उशीत खुपसून हसायची, आणि हसता हसता खोकायची.

शेवटी फुप्फुसांच्या एका डॉक्टरांनी सांगितलं की एक तपासणी राहिलीय. ती तपासणी तळघरातल्या त्याच मशीनवर व्हायची. त्या संध्याकाळी मामानं भाचीला समजावलं.

‘‘तुझ्या नाकात आणि छातीतल्या नळ्यांत बारीक केस असतात. किती बारीक? तुझ्या डोक्यावरच्या एका केसाच्या रुंदीत असे तीनशे शेजारी शेजारी उभे राहतील. ते सारखे हलतात आणि कफ बाहेर लोटतात.’’

‘‘त्यांना कोण हलवतं?’’

‘‘आत मोटारी असतात. केसाच्या अंगाला लागून, खालपासून वरपर्यंत.’’

‘‘मग माझ्या मोटारी बंद पडल्यात?’’

‘‘आहेत की नाहीत ते बघायचंय.’’

पोरीला हे फारच आवडलं. बहीण मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. मोठ्यांना डॉक्टरांनी जे सांगितलं होतं ते असं: त्यांचा सगळा संशय ह्या मोटारींवरच होता. त्या असल्या तर दोष नाकामागे वाढलेल्या गाठीचा, छोट्याशा ऑपरेशननं सुटणारा. नसल्या तर त्या कधीच येणार नव्हत्या. मग धपके जन्मभर, कान जाणार, फुप्फुसं वर्षावर्षानं झिजत जाणार. त्यावर औषध नाही.

‘‘दादा, दिसलं की मला लागलीच सांग,’’ बहीण म्हणाली. ‘‘त्या रिपोर्टची वाट बघणं मला झेपायचं नाही.’’

‘‘तसा नियम नाहीये गं. सांगायचं ते डॉक्टरांनीच.’’

‘‘नियम गेला खड्ड्यात! तू माझा भाऊ आहेस का हॉस्पिटलचा?’’

आता ह्यावर कुणी काय बोलावं? तो गप्प बसला, आणि तिनं ते ‘हो’ धरलं.

नमुना घ्यायचा तर नाकात बारीक ब्रश फिरवतात. दुखत नाही, पण डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. शेजारी ठेवून बघायला निरोगी माणसाचा नमुनाही लागतो, तो स्टाफपैकी कुणाच्या तरी नाकातून घेतात. ह्या वेळी दिवाभीतानं स्वतःचं नाक पुढे केलं. आधी मामा, मग भाची. ‘‘मामा रडला! मामा रडला!’’ म्हणून पिपाणीनं सगळा कॉरिडॉर डोक्यावर घेतला, आणि स्वतःची पाळी आल्यावर खुर्चीचे हात घट्ट धरून चूं केलं नाही. पुढचे दोन दिवस पेशींना रंग देण्यात गेले. केसांना हिरवा, मोटारींना लाल.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या बाई तळघरात आल्या. म्हणाल्या, ‘‘भाची आहे तुमची. आज मी बसते मशीनवर. तुम्ही वर जाऊन चहा घ्या.’’

‘‘कशाला? माझ्याइतकं नीट कोण बघणार?’’

‘‘नीट बघाल हो. पण बघवेल का?’’

‘‘न बघवायला काय झालं? बावीस वर्षं हेच करतोय.’’

बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. त्यांना मीटिंग होती, घाई होती. त्या गेल्या. त्यानं दार लावलं, लाल दिवा लावला, आणि पहिली चूक तिथेच झाली. त्यानं वर जाऊन मुकाट चहा प्यायला हवा होता.

आधी स्वतःची काच. तेलाचा थेंब, काच, लेसर. पडद्यावर हिरवे केस उगवले, वाऱ्यानं एका बाजूला कललेल्या गवतासारखे. मग लाल. प्रत्येक केसाच्या दोन्ही अंगांना लाल रेघ, सुटी, स्वच्छ, भरगच्च. पन्नाशी उलटलेल्या, कधीमधी सिगरेट ओढणाऱ्या माणसाच्या मोटारी अगदी ठणठणीत. त्यानं मापं ठरवली, लिहून ठेवली. हात तोवर अगदी स्थिर होते.

मग पिपाणीची काच. हिरवे केस आले, दाट, सुंदर. ‘‘आहेत गं बाई केस तुझे,’’ तो पुटपुटला. मग त्यानं लाल लावलं.

काळं.

त्यानं डोळे मिटले, उघडले. काळं. काच जरा सरकवली, दुसरी पेशी घेतली. हिरवं दाट, लाल काळं. तिसरी पेशी. पंख्याचा आवाज त्याला अचानक फार मोठा वाटायला लागला. वाटलं, कॅमेरा बिघडला असेल. वाटलं, रंग द्यायला विसरले असतील. खरं तर त्याला असं काहीच वाटत नव्हतं, त्याला कळलं होतं. पण कळलेलं गळ्याखाली उतरत नव्हतं, आणि मन एकच घोकत होतं की थोडी तरी असेल, कणभर तरी असेल, माझ्या मापात बसत नसेल एवढंच.

आणि त्याचा हात गेला. माउसचा बाण पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात काळ्या पट्टीखाली शिरला. बटण दिसत नव्हतं, पण ते कुठे आहे हे त्याच्याइतकं जगात दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? त्यानं दाबलं.

लाल आलं! केस न्‌ केस लाल. अगदी केसांच्याच जागी, बुडापासून टोकापर्यंत. दिवाभीत खुर्चीतून उठला, परत बसला. तोंडावर हात दाबून रडला. ‘‘आहेत रे, आहेत,’’ असं त्या रिकाम्या खोलीला सांगत राहिला. मग ह्या माणसानं, दार उघडलं म्हणून लोकांच्या अंगावर धावून जाणाऱ्या ह्या माणसानं, खिशातून फोन काढला, त्या अंधारात फोनचा उजेड पाडला, पडद्याचा फोटो काढला आणि बहिणीला पाठवला. पाठोपाठ फोन लावला.

‘‘आहेत गं! मोटारी आहेत! लाल दिसतंय, मी स्वतः बघितलं!’’

पलीकडून असा हुंदका आला की त्याला फोन कानापासून लांब धरावा लागला. ‘‘दादा,’’ ती म्हणाली, ‘‘दादा, दादा,’’ आणि पुढे तिला बोलताच येईना. तिचा जीव भांड्यात पडला होता, आणि तो ह्यानं टाकला होता. आईच्या मागे इतक्या वर्षांत बहिणीला एवढा आनंद दिल्याचं त्याला आठवत नव्हतं.

आता ह्यातली गोम सांगायलाच हवी. हिरवा रंग पुरता हिरवा नसतो. त्याची अगदी फिकी शेपटी लालच्या कप्प्यात गळते, दार लावलं तरी फटीतून उजेड यावा तशी. एरवी ती गळती डोळ्यांना दिसतही नाही. पण तीच तेवढी असेल आणि तिला कुणी ताणलं, तर हिरव्याच्या जागी हुबेहूब लाल केस उभे राहतात. खऱ्या मोटारी केसाच्या अंगाला दोन रेघांत असतात. गळती केसावरच बसते, एकच रेघ. हे विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात शिकवलं जायचं. आणि शिकवणारा कोण, तर हाच.

अर्ध्या तासानं तो आकडे भरायला बसला. रिपोर्टला फोटो चालत नाही, मोजमाप लागतं. मामाच्या केसांत लालचा आकडा तीन हजारांच्या पुढे. भाचीच्या केसांत अडुसष्ट. त्यानं परत मोजलं. अडुसष्ट. मग त्यानं तिसरी काच काढली. गळती मोजायला म्हणून एक काच मुद्दाम नुसता हिरवा देऊन ठेवतात, लाल तिला दाखवतसुद्धा नाहीत. तिच्यावर आकडा आला सहासष्ट. त्यानं तो फोटो परत लावला आणि ह्या वेळी शहाण्या माणसासारखा पाहिला. प्रत्येक केसावर एकच रेघ.

त्या दिवशी त्यानं पिपाणीच्या त्रेचाळीस पेशी पाहिल्या. दुसऱ्या दिवशी राखून ठेवलेली दुसरी काच रंगवून घेतली आणि आणखी साठ पाहिल्या. एकीतसुद्धा नव्हतं. दुपारी मोठ्या बाईंनी आकडे तपासले. मग त्या खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसल्या.

‘‘वाईट वाटतंय मला. परवा डॉक्टर बोलावून नीट सांगतील त्यांना. तुम्ही घरी काही बोलला नाहीत ना?’’

‘‘नाही,’’ दिवाभीत म्हणाला.

बावीस वर्षांत बाईंशी तो पहिल्यांदा खोटं बोलला. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात त्याला सोसवेना.

संध्याकाळी बहिणीकडे जाताना त्यानं वाक्य जुळवलं होतं. ‘मी चुकलो गं.’ एवढंच. पण आदल्या संध्याकाळीही तो हेच वाक्य घेऊन आला होता आणि न सांगताच परतला होता. आजही तसंच झालं. दारातच पिपाणीनं त्याच्या कमरेला मिठी मारली. ‘‘मामा, धपके बंद! आई म्हणाली आता ऑपरेशन होईपर्यंत सुट्टी! आणि मी वर्गात सांगितलं की माझ्या मामानं माझ्या मोटारी बघितल्या!’’ धपक्यांची उशी कपाटावर चढलेली. मेहुणे ऑफिसातून लवकर आलेले आणि कधी नव्हे ते शीळ घालत होते. सासूबाईंनी त्याच्या ताटात आपणहून वाढलं. बहीण तर ओळखू येत नव्हती. आठ वर्षांत पहिल्यांदा ती सकाळी साडेसातपर्यंत झोपली होती म्हणे. दिवाभीतानं मान खाली घालून जेवण उरकलं. ‘उद्या सांगू,’ असं त्यानं मनाला सांगितलं, आणि उद्याही आपल्याच्यानं होणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी पिपाणीनंच त्याला ‘उद्या’ म्हणायला जागा ठेवली नाही. तीन दिवस धपके नाहीत म्हटल्यावर कफ छातीत बसला. तो पोचला तेव्हा ती पलंगावर होती, गाल तापून लाल, श्वास भराभर. बहीण कपाळावर ओली घडी बदलत होती.

‘‘साधा ताप आहे,’’ ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. ‘‘हवा बदललीय ना. मोटारी तर आहेतच.’’

‘‘धपके दे तिला.’’

‘‘अरे, पण आता...’’

‘‘मोटारी नाहीत.’’ ते त्याच्या तोंडून एकदम बाहेर पडलं. जुळवलेलं वाक्य मागाहून आलं. ‘‘नाहीत गं. मी चुकलो. एकीतसुद्धा नाहीत. शंभराच्या वर पेशी बघितल्या मी. उद्या डॉक्टर हेच सांगतील.’’

बहिणीच्या हातातली घडी हातातच राहिली. मग ती उठली, टेबलावरचा फोन घेतला आणि त्याच्या नाकासमोर धरला. फोन उघडला की तोच फोटो. तिनं तो तिथे लावून ठेवला होता.

‘‘मग हे काय आहे?’’

‘‘ते... ते काही नाही.’’

‘‘काही नाही कसं? लाल दिसतंय ना! मला दिसतंय, सासूबाईंना दिसलं, तुला दिसलं. तू रडत होतास फोनवर. हे काय आहे, सांग!’’

‘‘हिरव्याची गळती आहे ती. मी... तिथे एक बटण आहे. ते दाबलं की नसलेलंही दिसतं.’’

‘‘मग दाबलंस कशाला?’’

कणभर तरी असेल म्हणून दाबलं, हे तिला सांगून काय उपयोग? ती त्याच्याकडे बघत राहिली. मारलं असतं तर बरं झालं असतं, शिव्या दिल्या असत्या तर त्याहून बरं. ती एवढंच म्हणाली, ‘‘मी दोन रात्री झोपले रे, दादा.’’ आणि भिंतीकडे तोंड करून पलंगाच्या काठावर बसली. फोन मांडीवर, त्यावर तो फोटो तसाच.

‘‘मामा,’’ पिपाणी म्हणाली. ती सगळं ऐकत होती, नाक वाजवत. ‘‘त्या बटणानं दिसल्या होत्या ना?’’

‘‘हो गं.’’

‘‘मग ते बटण परत दाब ना.’’

हेच जर एखाद्या विद्यार्थ्यानं म्हटलं असतं तर दिवाभीत अंगावर धावून गेला असता. तो उठला, कपाटावरची उशी काढली, पलंगावर ठेवली आणि पोरीला हलकेच पालथी घातली. तिचं अंग चटका बसावा इतकं तापलं होतं. तळहाताची वाटी करून त्यानं पाठीवर पहिला धपका दिला.

‘‘मोज,’’ तो म्हणाला.

‘‘एक,’’ पिपाणी उशीत म्हणाली. ‘‘दोन. तीन.’’ आवाज बसलेला, मध्येमध्ये खोकला. धपक्याबरोबर आकडे पुढे जात राहिले. ‘‘सत्तावीस... अठ्ठावीस... एकोणतीस... चाळीस.’’

मामानं ते ऐकलं आणि ह्या वेळी पकडलं नाही. तो थोपटत राहिला.

‘‘तीस,’’ बहीण भिंतीकडे बघतच म्हणाली. ‘‘एकोणतीसनंतर तीस येतं.’’

पिपाणी जराशी थांबली. ‘‘तीस,’’ ती म्हणाली. ‘‘एकतीस.’’